हक्क जाहीर झाला, आता दाद कोठे मागायची?

सोलापुरात जानेवारी महिना गड्ड्याच्या यात्रेचा असतो. त्याच धामधुमीत १२ जानेवारी येते आणि चार पुतळ्यापाशी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना हार घातले जातात, कारण १९३१ साली याच दिवशी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. पुढे दोनच आठवड्यांनी प्रजासत्ताक दिन येतो आणि शाळाशाळांतून संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचली जाते. माझ्या नववीतल्या भाचीने मला यावरून एक प्रश्न विचारला. इंग्लंडची सनद, अमेरिकेचा जाहीरनामा, फ्रान्सचा जाहीरनामा, आपले मूलभूत हक्क हे सर्व तिने पाठ केले होते, आणि सगळीकडे साधारण तेच लिहिलेले आहे हेही तिच्या लक्षात आले होते. तिचा प्रश्न एवढाच होता की, हक्क कागदावर लिहिल्याने नेमके काय होते?

हा प्रश्न लहान नाही. त्याचे उत्तर शोधताना प्रत्येक जाहीरनाम्यापाशी आपण तीन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते. हे कोण बोलत आहे, कोणाच्या वतीने बोलत आहे, आणि लिहिलेला शब्द कोणी मोडला तर दाद मागायची जागा कोठे आहे. पहिल्या दोन गोष्टींवर इतिहासाच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेले असते. तिसरी बहुधा निसटते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. सनद आणि घोषणा हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांच्यात मोठे अंतर आहे. सनद वरून खाली येते. राजा देतो, शिक्कामोर्तब करतो, आणि ज्याने दिली त्याला ती काढून घेता येते. इनामदारांच्या घरातील जुनी कागदपत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. घोषणा मात्र खालून वर जाते. ती करणारे लोक असे म्हणत असतात की, हा हक्क आम्हाला कोणी दिलेला नाही, तो आमचाच आहे, आम्ही तो फक्त बोलून दाखवत आहोत. लोकमान्य टिळकांनी होमरूलच्या काळात ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ असे म्हटले, तेव्हा त्या वाक्याचे सारे बळ ‘जन्मसिद्ध’ या शब्दात होते. जे जन्मानेच मिळाले आहे त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

इंग्लंडमधील मॅग्ना कार्टा ही सनद होती. १५ जून १२१५ रोजी रनीमीडच्या कुरणात जॉन राजाने बंडखोर सरदारांच्या दबावाखाली ती मान्य केली. तिच्यातील ३९ वे कलम सांगते की, कोणत्याही मुक्त माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडता वा कैदेत टाकता येणार नाही. पुढचे कलम सांगते की, न्याय कोणालाही विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबवला जाणार नाही. ‘मुक्त माणूस’ या शब्दामुळे जमिनीला बांधलेली मोठी कुळवाडी प्रजा या वचनाबाहेरच राहिली. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र ६१ वे कलम. राजाने शब्द मोडला तर काय करायचे हे त्यात लिहिले होते: २५ सरदारांचे मंडळ राजाकडे तक्रार नेईल आणि ४० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्याचे किल्ले व जमिनी ताब्यात घेईल. दाद मागण्याचा हा मार्ग ओबडधोबड होता, कारण तो अखेर तलवारीपाशीच जात होता. राजाला तो सहन झाला नाही आणि दहा आठवड्यांच्या आत पोप तिसरा इनोसंट याने संपूर्ण सनदच रद्द ठरवली. नंतर ती पुन्हापुन्हा जारी झाली, पण ६१ वे कलम त्यात परत आले नाही. हक्कांची वाक्ये राज्यकर्ते सहज पुन्हा लिहून देतात. त्यांना जाब विचारता येईल ते वाक्य तेवढे गाळले जाते.

त्यानंतर १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा आणि १६८९ चे हक्कांचे विधेयक आले. दुसऱ्याने संसदेच्या संमतीशिवाय कर बसवणे आणि शांततेच्या काळात फौज बाळगणे बेकायदेशीर ठरवले. पहिला त्याहून दहा वर्षे जुना असून त्याची चर्चा कमी होते, तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगाचा होता. अटकेत असलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभे करा आणि अटकेचे कारण सांगा, एवढेच तो म्हणतो. त्यात मोठे तत्त्वज्ञान नाही. कोणाकडे जायचे आणि काय मागायचे हे मात्र स्पष्ट आहे.

अमेरिकेचा ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा ही खऱ्या अर्थाने घोषणा होती. माणसांना काही हक्क जन्मतः असतात, ते राखण्यासाठी सरकारे स्थापन होतात, आणि सरकारच त्यांचा नाश करू लागले तर ते बदलण्याचा किंवा मोडून टाकण्याचा अधिकार लोकांना आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण दीडशे वर्षांनी तो आपल्याकडे जवळजवळ त्याच शब्दांत येणार आहे. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या त्या देशात गुलामगिरी १८६५ पर्यंत चालू राहिली. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी १७ कलमांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे १६ वे कलम म्हणते की, ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही, त्या समाजाला संविधानच नाही. वाक्य अप्रतिम आहे. तरीही ऑलिम्प द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला तेव्हा तिला कोणतीही हमी मिळाली नाही. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला आणि फ्रेंच स्त्रियांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला. वंश किंवा धर्म न पाहता पात्रतेनुसार प्रजाजनांना सरकारी जागा दिल्या जातील, असे त्यात म्हटले होते. नाव जाहीरनामा असले तरी आपल्या व्याख्येप्रमाणे ती सनद होती, आणि वचन पाळले गेले नाही तर राणीविरुद्ध दाद मागायची जागा नव्हती. सुशिक्षित मंडळी पुढे कित्येक वर्षे अर्जविनंत्यांतून त्याच वचनाची आठवण करून देत राहिली.

मराठी मुलखात हक्कांची खरी घोषणा झाली ती महाडला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथे पुन्हा परिषद भरली. त्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. परिषदेने सर्व माणसे जन्मतः समान आहेत असे सांगणारा हक्कांचा जाहीरनामा ठराव म्हणून संमत केला आणि मनुस्मृतीचे दहन केले. येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स येथील जाहीरनामे राजसत्तेला उद्देशून होते. महाडचा जाहीरनामा शेजाऱ्यापाजाऱ्यांना, गावाला, समाजाला उद्देशून होता. तळे नगरपालिकेचे होते, ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही नगरपालिकेने आधीच केलेला होता, तरी पाणी मिळत नव्हते. कागदावरचा हक्क वापरायला गेले तर डोके फुटते, हा अनुभव मार्चमध्ये आलेला होता. मग लढा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. त्या दहा वर्षांनी बाबासाहेबांच्या घटनाविषयक विचाराला मोठे वळण दिले असावे असे मला वाटते, कारण पुढे संविधान सभेत ते बोलले तेव्हा त्यांचा रोख हक्कांपेक्षा उपायांवर होता.

महाडनंतर तीन वर्षांच्या आत सोलापूरची वेळ आली. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. स्वातंत्र्य आणि आपल्या कष्टाचे फळ उपभोगणे हा इतर कोणत्याही लोकांप्रमाणे भारतीयांचाही हिरावून न घेता येणारा हक्क आहे, आणि जे सरकार तो हिरावते ते बदलण्याचा किंवा नष्ट करण्याचा अधिकार लोकांना आहे, हे त्या प्रतिज्ञेचे आरंभीचे सूत्र होते. १७७६ चा युक्तिवाद येथे भेटतो. मात्र पुढचा मजकूर अस्सल इथला आहे. सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे, मिठावरील कर, हातकताईसारख्या ग्रामोद्योगांचा नाश आणि त्यामुळे वर्षातून निदान चार महिने रिकामा बसणारा शेतकरी यांचा हिशेब त्यात मांडलेला आहे. माग आणि गिरण्या यांवर जगणाऱ्या सोलापुरात हे परिच्छेद कसे ऐकले गेले असतील याची कल्पना करणे कठीण नाही.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण फडकले. या कृतीचे मोल समजण्यासाठी नगरपालिका म्हणजे काय ते पाहावे लागेल. स्थानिक स्वराज्य संस्थांना व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने चालना मिळाली होती. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांपुरते स्वराज्य सरकारने वरून दिले होते. म्हणजे ती सनदच होती. त्या सनदेच्या इमारतीवर जन्मसिद्ध हक्काचे निशाण लावून सोलापूरने सनदेचे रूपांतर घोषणेत केले.

मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले आणि कोर्टाची इमारत जळाली. पुढचे तीन-चार दिवस सरकारी अंमल शहरात उरला नव्हता आणि रहदारीपासून बंदोबस्तापर्यंतची कामे स्वयंसेवक पाहत होते. जुन्या सोलापूरकरांच्या बोलण्यात या दिवसांचा उल्लेख अजूनही अभिमानाने येतो. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. निशाण लावणे गुन्हा झाला, गांधी टोप्या उतरवायला लावल्या गेल्या, कार्यकर्त्यांना कठोर शिक्षा झाल्या. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात वर सांगितलेल्या चौघांना फाशी झाली.

मार्शल लॉ या शब्दाचा अर्थ नव्या पिढीला नीट सांगितला पाहिजे. लष्कर रस्त्यावर दिसणे हा त्याचा वरवरचा भाग झाला. त्याच्या मुळाशी अशी स्थिती असते की, लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा ठरतो आणि त्याविरुद्ध नेहमीच्या न्यायालयात जाण्याची वाट जवळजवळ बंद होते. २६ जानेवारीच्या प्रतिज्ञेतील हिरावून न घेता येणारा हक्क साडेतीन महिन्यांत सोलापुरात हिरावला गेला, कारण तो राखणारी कोणतीही संस्था लोकांच्या हाती नव्हती. त्यामुळे घोषणा वाया गेली असे मी म्हणणार नाही. घोषणेने लोकांना आपण कोण आहोत हे कळले. पण त्या ओळखीला संरक्षण मिळण्यासाठी संविधान लागते.

सोलापूरच्या सीमेला लागून याच काळात एक निराळा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सांगोल्याच्या पलीकडचे आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली स्वराज्याची घटना २१ जानेवारी १९३९ रोजी लागू झाली. गावाने पंचायत निवडायची आणि तेथून वर तालुक्याची व राज्याची रचना उभी करायची, असे तिचे स्वरूप होते. अवघ्या ७२ गावांचे संस्थान. पण एखाद्या राजाने मागणी विकोपाला जाण्यापूर्वीच सनद देऊन स्वतःचे हात बांधून घेतल्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे. संस्थान विलीन झाल्यावर प्रयोग संपला.

कराची काँग्रेसने मार्च १९३१ मध्ये मूलभूत हक्कांचा ठराव केला. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला, त्यात न्याय, समता आणि स्वातंत्र्य यांची हमी होती. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर त्यावर बोलले. ठराव हक्क सांगतो पण उपाय सांगत नाही, आणि हक्कांवर आक्रमण झाले असता दाद मिळवण्याची सोय नसेल तर हक्कांना काही अर्थ उरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर याहून सोप्या शब्दांत कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

तो आक्षेप संविधानात कलम ३२ होऊन उतरला. मूलभूत हक्कांचा भंग झाला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाणे हाच या कलमाने एक मूलभूत हक्क केला आहे. कलम २२६ खाली उच्च न्यायालयातही जाता येते. १६७९ च्या कायद्यातील ‘माणूस हजर करा’ ही आज्ञा आपल्याकडे देहोपस्थितीचा आदेश या नावाने याच कलमांतून मिळते. कलम १३ ने आणखी एक गोष्ट केली: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे तेवढ्या मर्यादेत निरर्थक ठरवले. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कलम ३२ विषयी बोलताना बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द होता, तो बदलून ‘सर्व मानव’ हा शब्द यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला. त्या जाहीरनाम्याने जगाला एक समान भाषा दिली, पण त्याच्या आधारे एखाद्या सामान्य माणसाला थेट जाता येईल असे न्यायालय दिले नाही. एका दिवसाच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे घोषणा आणि संविधान यांतील फरक दिसतो.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि पूर्णपणे अमलात आणण्यासाठी मुद्दाम २६ जानेवारीची तारीख निवडली गेली, ती १९३० च्या प्रतिज्ञेची आठवण म्हणून.

सोलापुरातच ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. हे नाव उच्चारताना त्यामागचा इतिहास पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यांतील कुटुंबांना सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले गेले. हजेरी द्यायची, परवानगीने बाहेर जायचे, गिरणीत राबायचे आणि परत कुंपणात यायचे. १९३० मध्ये शहर जन्मसिद्ध हक्काच्या घोषणा देत होते, तेव्हा त्याच शहरातील शेकडो कुटुंबांवर जन्मसिद्ध गुन्ह्याचा शिक्का होता. हा कायदा देशातून पूर्णपणे हटला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे समतेचा हक्क देणारे संविधान अमलात आल्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने. विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. आपल्या शहराच्या स्वातंत्र्याचा इतिहास सांगताना चार पुतळ्याबरोबर ही तारीखही सांगितली गेली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

दाद मागण्याची जागा असूनही ती बंद पडू शकते, हे आणीबाणीत दिसले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी असे ठरवले की, त्या काळात अटकेविरुद्ध देहोपस्थितीचा अर्ज करता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ मधील, म्हणजे फौजदारी शिक्षेबाबतचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे, हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद झाली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय चुकीचा ठरवला. सोलापूरने १९३० मध्ये जे भोगले त्याला घटनेने दिलेले उत्तर अशा रीतीने टप्प्याटप्प्याने पूर्ण होत गेले.

स्वराज्याच्या बाबतीत हा प्रवास अजून अर्धवट आहे. १९९३ पासून लागू असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे नगरपालिका व महानगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले. तरीही २०१७ मध्ये निवडून आलेल्या सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, आणि राज्यातील रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या नगरपालिकेने १९३० मध्ये निशाण लावले, तिच्या वारसदार संस्थेची ही स्थिती होती.

दाद मागण्याच्या जागेचे अंतर हाही एक व्यवहारातला प्रश्न असतो. कलम २२६ खाली अर्ज करायचा तर सोलापूरच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. रात्रीची गाडी, वकिलाची फी, पुढची तारीख, पुन्हा रात्रीची गाडी. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि अटकेत असलेली माणसे यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी साधा लेखी अर्ज पुरतो.